कोळसा उगाळताना

पुतणी दिवाळीच्या सुट्टीत बीडला आली ती बॅगेत एक चपटी डबी घेऊन. ती छत्रपती संभाजीनगरला चित्रकला शिकते. डबीत बारीक बारीक काळ्या कांड्या निजवून ठेवलेल्या होत्या. माझ्या आईने, वय चौऱ्याऐंशी, त्यातली एक उचलली, नाकाशी नेली आणि विचारलं, "कोळसा हाय का गं हा?"

"हो आजी. चारकोल."

"इकत आणलास?"

"दीडशे रुपयांची डबी आहे."

आईने कांडी अलगद होती तिथे ठेवली, मांडीवरच्या पदराला बोटं पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "कामून शिकवायलेत रे हिला?"

आईचा कोळशावरचा अधिकार मोठा आहे. तिने शेगडी पेटवली आहे, कोळशाच्या इस्त्रीत फुंकर मारून डोळे लाल करून घेतले आहेत आणि कोळशाची पूड करून तिने आम्हा भावंडांचे दात घासले आहेत. लोणारी कोळसा आणि दगडी कोळसा यांतला फरक तिला हातात धरल्याबरोबर कळतो. लोणारी हलका, मोडला की कुटकन आवाज करणारा. लाकडं रचायची, वरून पाचट अन् माती लिंपायची, हवेला दोन-चार भोकं ठेवायची आणि आठवडाभर धुमसू द्यायचं. पेट घेऊ दिला की राख, नाही घेऊ दिला की कोळसा. दगडी कोळशाला असलं काही करावं लागत नाही. ते काम जमिनीने पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. डबीतल्या कांड्या लोणारीच्याच कुळातल्या, फक्त लाकूड निराळं. द्राक्षवेलीच्या किंवा विलो नावाच्या झाडाच्या काड्या बंद डब्यात भाजतात. "म्हंजी भट्टीचाच की," आई म्हणाली. "नाव तेवढं इंग्रजी."

माझी आणि कोळशाची ओळख या डबीहून जुनी, आणि तिला मार खाल्ल्याचा इतिहास आहे.

माझं बालपण परळीत गेलं. परळी म्हटलं की लोक वैजनाथाला हात जोडतात. आम्ही मुलं धुराड्याकडे बघून वारा कुठला ते सांगायचो. औष्णिक विद्युत केंद्राचे पहिले दोन संच १९७१ साली सुरू झाले, तीस-तीस मेगावॅटचे. त्या वेळी ते भलतेच अवाढव्य वाटत. आज तिथले चालू संच अडीचशेचे आहेत. बीड शहराला रेल्वेचं तोंड बघायला २०२५ साल उजाडलं, पण परळीला निजामाच्या काळापासून रूळ होते. त्या रुळांवरून कोळसा यायचा. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे मला पाठ्यपुस्तकाआधी परळीच्या फाटकात कळलं. फाटक पडलं की आम्ही वाघिणी मोजायचो. चाळीसच्या पुढे एकदाही गेलो नाही. दर वेळी कोणीतरी मध्ये बोलायचं, नाहीतर आपलाच डोळा चुकायचा, आणि गाडी निघून जायची. त्या वाघिणींतून वाऱ्याने आणि हिसक्याने जे खाली सांडायचं, ते आमचं.

म्हणजे दगडी कोळसा रुळांवरून, आणि लोणारी आईच्या शेगडीतून. मी दोन्ही वापरून पाहिले आहेत. दगडी कोळसा भिंतीवर उमटायचा कमी, ओरखडे जास्त. लोणारी मात्र लोण्यासारखा. त्याने घराच्या मागच्या भिंतीवर तीन उभ्या रेघा ओढल्या की झाल्या स्टंपा. त्यांची एक खुबी आहे, ती लाकडाच्या स्टंपांत नाही. रबरी चेंडू रेघेवर बसला की त्याला काळं लागतं. चेंडू उचलायचा, फिरवून दाखवायचा. काळं असेल तर आऊट, नसेल तर चल पुढचा बॉल टाक. जगात तिसरा पंच यायच्या कितीतरी आधी आमच्या गल्लीत ही सोय होती. एकच अडचण. काही बॅट्समन चेंडू उचलायला आपणच पुढे धावायचे आणि चड्डीला पुसून परत द्यायचे. त्यांच्या चड्ड्या हाही पुरावा धरावा की नाही, यावर दोन मारामाऱ्या झाल्या.

दर दिवाळीला वडील चुन्यात नीळ कालवून भिंत पांढरी करत आणि पाडव्याच्या आत तीन काळ्या रेघा पुन्हा उगवत. एका वर्षी मला काय सुचलं कोण जाणे, मी स्टंपांच्या मागे विकेटकीपरही काढला. चांगला ओणवा झालेला, मोजे घातलेला. वडिलांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा हात उठायच्या आधी म्हण आली: "कोळसा उगाळावा तितका काळाच!" म्हण मला उद्देशून होती. वळण न लागणाऱ्या पोराचं वर्णन मराठीत एवढ्या थोड्या शब्दांत दुसरीकडे सापडायचं नाही. मी तेव्हापासून त्या म्हणीशी मनातल्या मनात भांडतो आहे. फक्त माझ्याकडे पुरावा नव्हता.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पुतणीने तो मोबाइलवर दाखवला.

तिच्या फोनवर चित्रं होती प्रभाकर पाचपुते यांची. पहिल्या चित्रातला माणूस मी नीट पाहिला आणि माझा चष्माच खराब आहे असं वाटून तो पुसला. धड माणसाचं, पाय माणसाचे, कमरेत वाकल्याची तऱ्हाही आपल्याकडच्या कष्टकऱ्याची. पण मानेवर डोकं असायला हवं तिथे दिवा. दुसऱ्याच्या खांद्यावर यंत्राचा भाग. कुठे जमीनच पाठीवर घेतलेली, कुठे हत्यार कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो याचा पत्ता नाही. आणि हे सगळं कोळशात. काळा रंग इतक्या तऱ्हांनी काळा असतो हे मला ठाऊक नव्हतं. खोल गेलेला, धुरासारखा विरलेला, नुसत्या बोटाच्या पुसटशा फटकाऱ्याने उरलेला. माणूस विचित्र, पण हसू येत नाही. खाणीत उतरणाऱ्याच्या कपाळावर दिवा असतो, हे आपल्याला माहीत असतं. वर्षानुवर्षं तो दिवा घालून उतरणाऱ्याचं पुढे काय होत असेल, ते हा चित्रकार सरळ काढून मोकळा होतो. दिवा उरतो, डोकं जातं.

पाचपुते यांचा जन्म १९८६चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. राजुऱ्याच्या बाजूला, वर्धा नदीच्या खोऱ्यातलं हे खाणीचं गाव. घरातल्या तीन पिढ्या कोळशाच्या खाणीशी बांधलेल्या. घरची शेतीही खाणीतच गेलेली. असं घर सोडून पोरगं खैरागडला शिल्पकला शिकायला जातं, तिथून बडोद्याला जातं, तिथेही शिल्पच शिकतं, आणि मग छिन्नी-माती बाजूला ठेवून हातात घेतं ते काय, तर कोळसा! पुतणीला यात काही विशेष वाटत नव्हतं. "काका, मीडियम आहे ते." मला मात्र वाटलं, या माणसाच्या घरीही ती म्हण कोणीतरी वापरली असेल काय? ज्या घरात कोळसा रोज अंगावरून उतरवून मोरीत धुवावा लागतो, त्या घरात पोराने तोच पुन्हा कागदावर मागवून घ्यावा, याला छातीच लागते.

त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन मुंबईत २०१२ साली क्लार्क हाऊसमध्ये झालं. नाव होतं 'कॅनरी इन अ कोलमाइन'. कॅनरी म्हणजे पिवळा, गाणारा, चिमणीएवढा पक्षी. इंग्रजांच्या खाणीत तो पिंजऱ्यात घालून खाली नेत. विषारी वायू साचला की माणसाआधी तो कोसळायचा आणि बाकीचे जीव घेऊन वर पळायचे. पक्ष्याला नोकरीत घेण्याचा हा प्रकार विलायतेत बंद करायचं ठरलं ते १९८६च्या अखेरीस. म्हणजे सास्तीत पाचपुत्यांच्या घरी पाळणा हलला त्याच वर्षी तिकडे कॅनरीची निवृत्ती ठरली. मला अशा जुळण्यांचा नाद आहे, वाचकांनी फार मनावर घेऊ नये.

कोळसा आणि चित्रकार यांचं जमतं तसं जुनंच. हेन्री मूर हा नामांकित शिल्पकार खाणकामगाराचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या सुमारास, त्याला वडिलांच्याच खाणीत उतरून कामगार चितारायला सांगितलं गेलं. जोहान्सबर्गचा विल्यम केंट्रिज कोळशाने चित्र काढतो, फोटो घेतो, थोडं पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा फोटो. असे हजार फोटो पळवले की चित्र चालू लागतं. पुसलेल्याचा डाग मागे राहतो तो तसाच ठेवायचा. त्याच्या १९९१च्या एका चित्रपटाचं नावच 'माइन'. पाचपुतेही कोळशाची चित्रं अशी चालवून दाखवतात. पण मूर वर राहून अधूनमधून खाली उतरला. पाचपुते यांच्या चित्रातला माणूस खालून वर बघतो आहे, असं मला दर वेळी वाटतं.

सास्तीच्या खाणीचं ऐकून माझ्या मनात परळीचं फाटक पडलं. आमच्या जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. आमच्या पायाखाली बेसॉल्टचा काळा कातळ आणि काळी माती. काळ्याला तोटा नाही, पण जळणारा काळा दुसरीकडून आणावा लागतो. तो वाघिणींतून आला, जळला, त्याची वीज झाली, राख झाली. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर बारीक काळे ठिपके झाले, त्यावरून आई वीज मंडळाला जे बोलायची ते इथे छापता येणार नाही. २०१५ साली तर कोळसा असून पाणी नाही म्हणून केंद्र बंद ठेवावं लागलं, हेही आम्ही पाहिलं. पण एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही की वाघिणीच्या त्या टोकाला कोण आहे. मोजत होतो आम्ही वाघिणी, त्याही चाळीसपर्यंत. त्या टोकाचा माणूस मी साठीला आल्यावर पुतणीच्या फोनवर पाहिला, आणि त्याला डोकं नव्हतं.

मग पुतणीने जे सांगितलं, त्याने माझी जुनी जखम एकदम खपली धरून बसली. पाचपुते पुष्कळदा कागदावर काढतच नाहीत, म्हणाली. जिथे प्रदर्शन असेल तिथल्या भिंतीवर थेट कोळशाने काढतात, छताला भिडतील एवढ्या आकृत्या. आणि प्रदर्शन संपलं की?

"संपलं की भिंत पांढरी करतात, काका. तसंच असतं ते."

मी आईकडे पाहिलं. आईने दुसरीकडे पाहिलं. युरोपातल्या कलादालनात मोठ्या इतमामाने जे घडतं, ते आमच्या वडिलांनी परळीत दर दिवाळीला फुकट घडवलेलं आहे. फरक म्हणाल तर दोन. पाचपुत्यांना भिंत देऊन वर मानधन मिळतं, आणि त्यांचं चित्र चांगलं असतं. २०२१ साली वेल्समध्ये 'आर्टेस मुंडी' हा मोठा पुरस्कार त्या खेपेच्या सहाही कलाकारांत वाटून दिला गेला, त्यांत ते होते. त्यांची चित्रं कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात लागली होती. वेल्स म्हणजे एके काळी कोळशावरच जगलेला मुलुख. सास्तीचा माणूस तिकडच्या लोकांना अनोळखी वाटला नसणार.

काळ्याच्या बाबतीत आमचा बीड जिल्हा मात्र अगदीच मागास आहे असं कोणी समजू नये. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी एवढं लिहिलं की त्यांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागायची, असं सांगतात. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी कापडाच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहून काढलं. ती हातांनी मोजावी एवढी लांब पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे. लिहिण्याला आपण पांढऱ्यावर काळं करणं म्हणतो. त्या हिशेबाने दासोपंत आमच्या जिल्ह्यातले सर्वांत मोठे काळे करणारे. पुतणीला हे सांगितलं तेव्हा तिने फोन खाली ठेवून पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं.

त्या आदराच्या भरात मी एक चूक केली. म्हणालो, दे एक कांडी, मीही काढतो.

कोळशाने काढायला बसलं की पहिली गोष्ट कळते ती ही, की हात कागदावर टेकवायचा नसतो. मला हे दहा मिनिटांनी कळलं, तोवर कागदाच्या उजव्या बाजूला माझ्या तळहाताचं सुरेख चित्र झालं होतं. मी काढत होतो परळीचं धुराडं आणि शेजारचा पाणी थंड करायचा मनोरा. धुराडं जमलं, सरळ रेघा मला पूर्वीपासून येतात, स्टंपांचा सराव. मनोऱ्याचा मात्र कंबरेत बारीक झालेला रांजण झाला. आई म्हणाली, "झाकण काढ की त्याला." पुसावं म्हटलं. पुतणी म्हणाली, जुने चित्रकार कोळसा पुसायला पावाचा मऊ गर वापरायचे. घरात पाव नव्हता. ज्वारीची भाकरी होती, सकाळची. तिचा पापुद्रा घेऊन मी मनोऱ्यावर चोळला. भाकरी कोळसा टिपत नाही; ती आपला चुरा कागदावर सोडते आणि कोळसा त्या चुऱ्यात मळून बसतो. मनोरा तर गेला नाहीच, वर त्याला धपाटं लागल्यासारखं दिसायला लागलं. हा प्रयोग बीड जिल्ह्यात याआधी कोणी केला असल्यास त्याने नोंद ठेवायला हवी होती.

दुपारी आई ओसरीवर ज्वारी निवडायला बसली. पुतणी तिच्या पुढ्यात मांडी घालून बसली आणि तिचे हात काढू लागली. नुसते हात. आधी तिने कांडी आडवी धरून सगळा कागदच काळवंडून टाकला. मला वाटलं, बिघडलं. मग ती बोटाने पुसत गेली आणि काळ्यातून हात वर येऊ लागले. कोळसा कागदाला चिकटत नाही, तो कागदाच्या खरखरीत दाण्यांवर नुसता बसलेला असतो. म्हणून बोट फिरेल तसा तो हलतो, खड्ड्यात जातो, उंचवट्यावरून निघतो. आईच्या मनगटाच्या हाडापाशी तिने अंगठा एकदाच ओढला आणि तिथे ऊन पडलं. शिरा पुसट, नखं जवळजवळ कोरी. बांगडीची कड तिने खोडरबराच्या टोकाने काळ्यातून उचलून काढली. सुपातली ज्वारी काढलीच नव्हती, तरी ती दिसत होती. शेवटी बाटलीतून फवारा मारला, कोळसा जागचा हलू नये म्हणून. त्या वासाने आई शिंकली.

मग तिने चित्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"एवढं उगाळलंस," ती म्हणाली, "तर काळं कुठं ऱ्हायलंय? राखाडीच झालंय की सगळं."

मी जागच्या जागी उठून उभा राहिलो. माझा पुरावा माझ्या आईने, परळीत वडिलांच्या शेजारी उभं राहून ती म्हण ऐकलेल्या बाईने, आपल्या तोंडाने दिला होता. मी तिला म्हणीची आठवण करून दिली. तिने थोडा विचार केला.

"तुझ्या बापानं पाट्यावर उगाळायचं बघितलं हुतं," ती म्हणाली. "कागदावर न्हाई." आणि पुन्हा ज्वारीत हात घातला.

पाचपुत्यांची चित्रं प्रत्यक्ष पाहायची मला इच्छा आहे, पण त्यांचा मुक्काम पुण्याला आणि प्रदर्शनं बहुतेक मोठ्या शहरांत नाहीतर परदेशात. मराठवाड्यात एखादी मोठी भिंत द्यायला कोणी तयार असेल तर पहावं. परळीत भिंती पुष्कळ आहेत, आणि काळं कुठून आणायचं हा प्रश्न तिथे पडणार नाही. ऊसतोडीला गावंच्या गावं बाहेर पडणारा आमचा जिल्हा आहे. पाठीवर घर घेऊन चाललेला माणूस ओळखायला इथे कोणाला फलक वाचावा लागणार नाही.

पुतणी परत गेली. डबीतल्या दोन कांड्या मला ठेवून गेली. आईचे हात मी काचेच्या चौकटीत बसवून आणले. चौकटवाल्याने विचारलं, फोटो काळा-पांढरा कशाला काढला? आता शेजारच्यांचा नातू रोज संध्याकाळी चेंडू घेऊन आमच्या मागच्या अंगणात येतो. परवा रंगारी आला होता. मागची भिंत सोडून त्याने सगळं घर रंगवलं, आणि त्या एका भिंतीचे पैसे कमी केले.